अर्ध्या दिवसाचें पोर्ट ऑफ स्पेन

परदेशांतल्या बंदरांत नौका सकाळीं लागते आणि सायंकाळीं सुटते. मधल्या वेळाचें काय करावें, हा प्रश्न वडील माणसांना बरोबर घेऊन निघालेल्या गृहस्थास फार जाचतो. नौकेवरील चाळीस-पन्नास उतारूंच्या जथ्यांत सामील व्हावें, तर हातांत निशाण धरलेल्या माणसाच्या मागें धांवावें लागतें. स्वतःच पायीं हिंडावें, तर ऊन कडक आणि वाटा अनोळखी. गेल्या चैत्रांत कॅरिबियन समुद्रांतून प्रवास करण्याचा योग आला, तेव्हां आमच्या बरोबर एक्याऐंशी वर्षांच्या मातुःश्री, सौभाग्यवती आणि क्रिकेटावांचून दुसरें कांहीं न सुचणारा धाकटा पुतण्या अशी मंडळी होती. आम्हां चौघांचें एकमत होईल असें एकहि स्थळ पृथ्वीवर नसल्यामुळें त्रिनिदाद बेटाची राजधानी जें पोर्ट ऑफ स्पेन, तेथें चार तासांसाठीं एक स्वतंत्र मोटार व एक माहितगार गृहस्थ आम्हीं आधींच ठरवून ठेवला होता. त्या चार तासांची हकीकत आज वाचकांस सादर करीत आहों.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी प्रथमच सांगून टाकतों, म्हणजे पुढें त्यांचा अडथळा नको. पैसे त्रिनिदादी डॉलरांत द्यावयाचे कीं अमेरिकन डॉलरांत, हें आधीं लेखी निश्चित करावें. दोहोंच्या मोलांत जवळजवळ सातपटींचा फरक आहे, आणि नुसतें 'डॉलर' म्हटल्यानें शेवटीं तंटा होतो. तेथें भाड्यानें चालणाऱ्या अधिकृत मोटारींच्या क्रमांकाच्या आरंभीं 'एच्' हें अक्षर असतें व खासगी मोटारींच्या आरंभीं 'पी'. बसण्यापूर्वीं तेवढें पाहून घ्यावें. आणि नौका सुटण्याच्या निदान दोन तास आधीं बंदरावर परत यावें, कारण राइटसन रस्त्यावर वाहनांची दाटी झाली म्हणजे मोटारीपेक्षां माणूस लौकर पोंचतो.

आमचे मार्गदर्शक बंदराच्या दारांत उभे होते. साठी उलटलेली, वर्ण सांवळा, अंगकाठी सडपातळ, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला दोन लेखण्या लावलेल्या. पूर्वीं शाळेंत इतिहास शिकवीत असत, हें मागाहून कळलें. परंतु त्या दोन लेखण्यांवरून आम्हीं तें आधींच ताडलें होतें. पुढें या लेखांत आम्ही त्यांना गुरुजीच म्हणणार आहों. त्यांनीं आमच्याशीं हस्तांदोलन केलें, मग मातुःश्रींकडे वळून किंचित् लवून म्हणाले, "गुड मॉर्निंग, आजी."

मातुःश्री थबकल्या. "यांना मराठी येतें?" त्यांनीं आम्हांस विचारलें.

मराठी येत नव्हतें. हिंदीहि बेताचेंच, भजनांतलें आणि चित्रपटांतलें. परंतु त्रिनिदादेंत बापाच्या आईबापांना आजा-आजी म्हणतात आणि आईच्या आईबापांना नाना-नानी. आपल्याकडे दोन्ही बाजूंची ती आजीच. तिकडे तेवढा भेद अद्याप पाळतात. भोजपुरी बोलणाऱ्या पूर्वजांकडून आलेले हे शब्द, घरांतली भाषा सर्वस्वी इंग्रजी झाल्यावरहि, देव्हाऱ्यांतल्या जुन्या समईसारखे तसेच राहिले आहेत. या एका शब्दानें मातुःश्रींची भीड चेपली. मोटार गुरुजी स्वतःच हांकणार होते. त्यांच्या शेजारच्या जागेवर मातुःश्री स्वतः होऊन जाऊन बसल्या, आणि आम्ही तिघें मागें दाटीनें बसलों.

हें शहर स्पॅनिशांनीं वसविलें, फ्रेंच जमीनदारांनीं वाढविलें आणि १७९७ मध्यें इंग्रजांनीं घेतलें. १९६२ सालीं देश स्वतंत्र झाला आणि १९७६ मध्यें प्रजासत्ताक. पहिला थांबा वुडफर्ड चौकाचा होता. त्याच्या एका अंगास 'रेड हाउस', म्हणजे तेथील संसदेचें घर. व्हिक्टोरिया राणीच्या १८९७ च्या हीरक महोत्सवानिमित्त त्याला तांबडा रंग दिला, तेव्हांपासूनचें हें नांव. पाण्याच्या पट्टीवरून १९०३ मध्यें दंगा झाला व लोकांनीं तें जाळलें. सध्यांची इमारत १९०७ ची. अलीकडे तिची डागडुजी चालली असतां २०१३ मध्यें जमिनीखालीं बेटाच्या मूळ रहिवाशांचे अस्थिशेष सांपडले. "येथें कोठेंहि खणा," गुरुजी म्हणाले, "कोणी तरी आधीं आलेला निघतोच."

तेथून क्वीन्स पार्क सव्हाना. हें मैदान सुमारें २६० एकरांचें आहे आणि त्याच्याभोंवतीं एकाच दिशेनें वाहनें फिरतात. म्हणून तेथील लोक त्याला जगांतलें सर्वांत मोठें वर्तुळ म्हणतात, जरी तें मुळींच वाटोळें नाहीं. एके काळीं हा साखरेचा मळा होता. १८१७ मध्यें गव्हर्नर वुडफर्ड यांच्या कारकीर्दींत सरकारनें तो विकत घेतला; पण विकणाऱ्या कुटुंबाचें स्मशान मात्र सौद्यांतून वगळलें, तें मैदानाच्या पोटांत भिंत घालून अजून आहे. मैदानाच्या कडेला शहाळीं विकणारे बसतात. मातुःश्रींनीं शहाळें घेतलें, मलईहि खाल्ली, आणि कोंकणांतल्याहून गोड असल्याचा निर्वाळा दिला. मातुःश्रींच्या तोंडून कोंकणाविरुद्ध निघालेलें हें पहिलेंच वाक्य होय. सौभाग्यवतींना समोरच्या, १८१८ मध्यें स्थापन झालेल्या वनस्पति-उद्यानांत तासभर हवा होता. त्यांना वीस मिनिटें मिळालीं. त्याबद्दलची नाराजी त्या अजून बोलून दाखवितात.

मैदानाच्या पश्चिमेस ओळीनें सात मोठीं घरें आहेत. बहुतेक १९०४ च्या सुमाराचीं. प्रवाशांच्या प्रत्येक फेरींत तीं दाखविलीं जातातच. एक स्कॉटलंडच्या किल्ल्यासारखें, एक फ्रेंच धाटणीचें, व्हाइटहॉल नांवाचें बार्बाडोसहून आणलेल्या प्रवाळी दगडाचें. कोकोला भाव होता त्या काळची ही श्रीमंती. घरें देखणीं आहेत यांत शंका नाहीं. परंतु प्रत्येक घर कोणत्या तरी दुसऱ्या देशाची आठवण काढीत उभें आहे असें आम्हांस वाटलें, आणि सहावें घर येईपर्यंत आमची मान दुखूं लागली. सातव्यापाशीं मात्र आम्ही उतरलों. तें घर नसून घड्याळाच्या मनोऱ्याची शाळा आहे, क्वीन्स रॉयल कॉलेज. देशाचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स येथले विद्यार्थी. २००१ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे व्ही. एस्. नायपॉल हेहि येथलेच. नायपॉल यांच्या आईचे वडील ऊंसाच्या मळ्यावर काम करण्याच्या करारावर हिंदुस्थानांतून आले होते. गुरुजी येथें कांहीं बोलले नाहींत. मनोऱ्याकडे पाहून त्यांनीं आपलें मनगटावरचें घड्याळ मात्र लावून घेतलें.

पुतण्याची घटका आतां आली. क्वीन्स पार्क ओव्हल हें क्रिकेटचें मैदान तेथून हांकेच्या अंतरावर आहे. १९७१ च्या मार्च महिन्यांत अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघानें वेस्ट इंडीजला कसोटी सामन्यांत प्रथमच हरविलें, तें येथें. त्या सामन्यांत गोमंतकांत जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनीं ११२ धांवा काढल्या, आणि एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरांनीं आपल्या पहिल्याच कसोटींत ६५ व नाबाद ६७. एप्रिलांत त्याच मैदानावर गावसकरांनीं एका डावांत १२४ आणि दुसऱ्यांत २२० केल्या. पुढें १९७६ मध्यें चौथ्या डावांत ४०३ धांवांचें आव्हान हिंदी संघानें पुरें केलें, तेंहि येथेंच. हे सर्व आंकडे पुतण्यानें एका श्वासांत म्हटले आणि गुरुजींनीं एकहि चूक न काढतां ऐकून घेतले. मग म्हणाले, "७१ सालीं मी लहान होतों. आजा मला खांद्यावर घेऊन आले होते. आजूबाजूचे सारे वेस्ट इंडीजच्या बाजूचे, आणि आजा गावसकरांसाठीं टाळ्या वाजवीत होते. मला लाज वाटली. मीं त्यांचे हात धरले." त्या दौऱ्यानंतर तेथील लॉर्ड रिलेटर या शाहिरानें गावसकरांवर कॅलिप्सो रचलें, तें सर्व बेटावर गाजलें, परंतु आमच्या मनांत राहिले ते धरलेले हात.

ओव्हलच्या पलीकडे सेंट जेम्स नांवाची वस्ती लागते. येथल्या रस्त्यांचीं नांवें वाचतांच मागच्या आसनावर आम्ही तिघेंहि ताठ बसलों: कलकत्ता, लखनौ, बनारस, मुंबई. करार संपलेले मजूर येथें येऊन राहिले. मोहरमाच्या दिवसांत येथें ताबूत निघतात आणि ताशे वाजतात; ताशा हा शब्दहि तोच आणि कातडें शेकोटीवर तापवून ताणण्याची रीतहि तीच. बरोबर झांज असते, तिलाहि ते झांजच म्हणतात. रस्त्याच्या कडेला एका गाड्यावर गुरुजींनीं आम्हांस 'डबल्स' खाऊं घातले. हळद घालून तळलेल्या दोन मऊ पुऱ्या, त्यांना 'बारा' म्हणतात, अर्थात् आपला वडा. त्यांत शिजविलेले चणे, वर कैरीचा कुचेला. उभ्यानें, कागदांतून, हातानें खावयाचें. मातुःश्रींनीं अर्धा खाल्ला. "मीठ कमी आहे," म्हणाल्या, आणि उरलेला अर्धाहि खाल्ला.

मोटारींत परत बसतांना त्यांनीं समाधानानें आम्हांस मराठींत विचारलें, "माणूस मोठा सालस आहे हो. जात कोणती यांची?"

आमच्या घरांत हा प्रश्न कोणी वाईट हेतूनें विचारीत नाहीं. नवीन माणसाचें गांव, गोत, शिक्षण विचारावें, तसाच तोहि ओठांवर येतो. वाचकांच्या घरींहि कदाचित् असेंच असेल. आम्हीं उत्तर टाळलें. गुरुजी आरशांतून आमच्याकडे एकवार पाहून घेऊन मोटार हांकीत राहिले.

शेवटचा थांबा सेंट जेम्सच्या मागच्या डोंगरावरील फोर्ट जॉर्ज. सुमारें अकराशें फुटांवर १८०४ मध्यें बांधलेला हा किल्ला कधीं लढला नाहीं. तेथल्या निशाणीच्या लांकडी घराचा आराखडा आशांती राज्यांतून हद्दपार करून आणलेल्या कोफी एन्टी या राजपुत्रानें १८८३ मध्यें केला, असें सांगतात. आफ्रिकेंतला राजपुत्र इंग्रजांच्या किल्ल्यावर बंदिवासांत घर बांधतो, ही एक वेगळीच कथा आहे. वारा गार होता. मातुःश्रींना एका बांकावर बसविलें. खालीं पारियाचें आखात पसरलें होतें, आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पांच लहान बेटें.

"त्यांतलें तें नेल्सन बेट," गुरुजी म्हणाले.

पहिली नौका 'फातेल रझाक' ३० मे १८४५ रोजीं कलकत्त्याहून सव्वादोनशें माणसें घेऊन या बंदरांत आली. १९१७ पर्यंत असे सुमारें एक लाख चव्वेचाळीस हजार आले. १८६६ नंतर त्यांना प्रथम नेल्सन बेटावर उतरवीत, रोगराईची तपासणी करीत, आणि मग मळ्यामळ्यांवर वांटून देत. पांच वर्षांचा करार. दहा वर्षें राहिल्यावर परतीची सोय. पुष्कळांनीं त्याऐवजीं जमीन घेतली. २०११ च्या शिरगणतींत या देशांतील सुमारें पस्तीस टक्के लोक हिंदी वंशाचे होते. ३० मे हा दिवस तेथें सार्वजनिक सुटीचा आहे.

एवढें सांगून गुरुजींनीं पाठपिशवींतून एक कागद काढला आणि मातुःश्रींच्या हातीं दिला. "आजींनीं मघां विचारलेला शब्द मला कळतो," ते आम्हांस म्हणाले. "इथलीं म्हातारीं माणसें त्याला इंग्रजींत 'नेशन' म्हणत. उत्तर या कागदांत आहे."

आम्ही शरमेनें गप्प झालों. मातुःश्रींना इंग्रजी वाचतां येत असल्यामुळें त्यांनींच तो वाचला. तो गुरुजींच्या पणजोबांचा कलकत्त्यास केलेला देशांतराचा परवाना होता. अशा परवान्यांच्या नोंदी पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत ठेवलेल्या आहेत, तेथून त्यांनीं नक्कल मिळविली होती. नांव. बापाचें नांव. वय बावीस. उंची. अंगावरची खूण: डाव्या हातावर भाजल्याचा व्रण. जिल्हा बस्ती. ठाणें. गांव. जात: कोरी, म्हणजे विणकर.

"आजा आम्हांस सांगत कीं आपण ठाकूर," गुरुजी म्हणाले. "हा कागद आला तेव्हां घरांत दोन वर्षें अबोला होता. काका म्हणाले, कारकुनानें चुकीचें लिहिलें. यांत खरें कोणतें?"

खरें कोणतें हें आम्ही काय सांगणार? मळेवाल्यांना नांगराचे हात हवे असत, म्हणून कित्येक ब्राह्मणांनीं कलकत्त्याच्या डेपोंत जात चोरली; उलट समुद्र ओलांडल्यावर कित्येकांनीं ती वाढवूनहि घेतली. तीन-साडेतीन महिने एका पिंपांतलें पाणी आणि एका कढईंतला भात खाल्ल्यावर जें नातें उरलें, त्याला ते 'जहाजी भाई' म्हणत; आणि तें नातें पिढ्यान् पिढ्या सोयरिकीच्या तोलानें मानलें गेलें.

"पण मला विचारावयाचें तें हें नाहीं," ते पुढें म्हणाले. "गांवाचें नांव कसें उच्चारतात तेवढें सांगा. मी एकदां बस्तीला जाऊन आलों. या नांवानें कोणालाच कांहीं कळलें नाहीं."

आम्हीं कागद घेतला. इंग्रज कारकुनानें कानीं पडलें तसें उतरलेलें तें नांव तीन-चार प्रकारांनीं वाचतां आलें असतें, आणि आम्हांस त्यांतलें एकहि ठाऊक नव्हतें. खरें सांगावयाचें तर एक मोह झाला. त्यांतल्या त्यांत गोड वाटणारा उच्चार आत्मविश्वासानें सांगून टाकावा. तो माणूस आनंदला असता, तोच उच्चार त्यानें आपल्या नातवंडांना शिकविला असता, आणि आमची नौका तर सायंकाळीं सुटणारच होती. सौभाग्यवतींनीं आमच्या कोपराला हळूच स्पर्श केला. "आम्हांस माहीत नाहीं," असें आम्हीं सांगितलें.

गुरुजींनीं मान हलविली. ही त्यांच्या संवयीची गोष्ट असावी.

मातुःश्रींचें लक्ष अद्याप कागदावर होतें. "माझ्या आजेसासऱ्यांना विलायतेहून आल्यावर प्रायश्चित्त घ्यावें लागलें होतें," त्या म्हणाल्या. "पंचगव्य घेतलें, ब्राह्मणभोजन घातलें, तेव्हां पंक्तीला बसविलें. त्यांच्या आईनें तोंवर सहा महिने त्यांना माजघरांत घेतलें नव्हतें, आणि दाराआडून रोज रडत असे, असें सासूबाई सांगत. विचार यांना, या मुलाच्या आईचें नांव काय?"

आम्हीं तें इंग्रजींत सांगितलें. गुरुजींनीं कागद परत घेऊन खालपर्यंत पाहिला, जणूं काय तो त्यांनीं पूर्वीं शेंकडों वेळां पाहिला नव्हता.

"आईच्या नांवाला रकाना नाहीं," ते म्हणाले.

परततांना मोटारींत कोणी फारसें बोललें नाहीं. राइटसन रस्त्यावर दाटी होतीच; ठरल्यापेक्षां पाऊण तास अधिक झाला. त्याचे पैसे आम्ही देऊं लागलों, ते गुरुजींनीं घेतले नाहींत. बंदराच्या दारांत त्यांनीं वांकून मातुःश्रींच्या पायांना हात लावला. मातुःश्रींनीं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ तेथेंच होता. मागें उभ्या असलेल्या एका मोटारवाल्यानें शिंग वाजविलें, तेव्हां कोठें तो निघाला. सायंकाळीं नौका आखातांतून बाहेर पडतांना मातुःश्री उजव्या बाजूच्या कठड्यापाशीं खुर्ची टाकून बसल्या होत्या. नेल्सन बेट दिसेनासें होईपर्यंत त्या आंत आल्या नाहींत.

त्या परवान्याची एक नक्कल गुरुजींनीं आम्हांस दिली आहे. घरीं आल्यावर आम्हीं नकाशे पाहिले, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली, ती त्यांना कळविली आहे: जुन्या बस्ती जिल्ह्यांतून १९८८ मध्यें सिद्धार्थनगर आणि १९९७ मध्यें संत कबीर नगर असे दोन जिल्हे वेगळे झाले, म्हणून शोध तीनहि ठिकाणीं घ्यावयास हवा. परवान्यावरील नांव येथें छापण्यास त्यांची अनुज्ञा घेतलेली नाहीं. तथापि आमच्या वाचकांपैकीं कोणी नोकरीनिमित्त त्या भागांत राहिलेले असतील, कोणाची सोयरीक तिकडे असेल, किंवा तेथील जुनीं महसुली दप्तरें पाहण्याची कोणाची सोय असेल, तर त्यांनीं आमच्या पत्त्यावर दोन ओळी लिहाव्या. आम्ही ठाण्याचें व गांवाचें नांव, कारकुनानें लिहिलें आहे त्याच अक्षरांत, उलट टपालीं कळवूं.